डावा मागचा स्पीकर

परवा दुपारी आमच्या घरासमोरून यंदाच्या हंगामातला पहिला उसाचा ट्रॅक्टर गेला. मागे दोन ट्रेलर, दोन्ही मापाबाहेर भरलेले, मागच्या ट्रेलरमधल्या उसाचे शेंडे रस्त्यावर घासत होते. ड्रायव्हरच्या टपाखाली दोन मोठे स्पीकर बांधलेले. गाणं कुठलं ते कळायच्या आधी त्यातला ढोल कळला. खिडकीच्या काचा थरथरल्या, बशीतला चमचा किणकिणला. मी मनातल्या मनात म्हटलं, पंच्याण्णव. पंच्याण्णव डेसिबल, खिडकीपासून वीस फुटांवर. मोजायची ही खोड अजून गेलेली नाही.

हंगाम सुरू झाला की आमच्या कृष्णाकाठच्या गावांचा वास बदलतो. पेटवलेल्या पाचटाचा धूर, मळीचा आंबूस गोडवा, पहाटेच्या थंडीत तोडकऱ्यांच्या पालांमधून येणारा भाकरीचा वास. गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर कारखान्याच्या चिमणीची काळी भुकटी बसते. बायका ती झटकतात, चोळत नाहीत, कारण चोळली की डाग पडतो. हे सगळं मला लहानपणापासून आवडत आलं आहे. आमच्याकडची दिवाळी फटाक्यांनी संपत नाही, कारखान्याच्या भोंग्याने संपते.

यंदा मात्र हंगाम आला आणि मला शरम वाटते आहे. शरम हा शब्द मी विचार करून लिहितो आहे. पश्चात्ताप हा शब्द मोठा आहे, आणि तो वापरला की माणूस स्वतःला जरासा चांगला वाटायला लागतो. मला तसं वाटून घ्यायचं नाही.

मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. अठ्ठावीस हंगाम झाले. उसाच्या रसात साखर किती, पाण्याचा भाग किती, मळीत किती साखर वाया गेली, हे आम्ही मोजतो. नोकरीला लागलो तेव्हा माझ्या वरिष्ठांनी पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकवली होती. एकदा आलेला आकडा हा आकडा नसतो. तोच नमुना पुन्हा लावायचा, तोच आकडा पुन्हा आला तर मगच वहीत लिहायचा. नाही आला तर दोष नमुन्यात नाही, उपकरणात शोधायचा. हे माझ्या इतकं अंगात मुरलं की घरातल्या दुधाचा हिशोबसुद्धा मी दोनदा करतो आणि कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघतो. वंदना, माझी बायको, म्हणते, "तुमचं लगीन एकदाच कसं लागलं, त्येचंच मला नवल वाटतं."

अठ्ठावीस वर्षं गिरण्यांच्या घरघराटात काढल्यावर मला एक खोली हवी होती, जिच्यात आवाज मी ठरवीन तसा येईल. पन्नाशीतल्या माणसाची हौस म्हणा. मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि घर दोघांपुरतं मोठं वाटायला लागलं, तेव्हा मी बाहेरच्या खोलीत सिनेमाचा संच बसवायला घेतला. समोर डावा आणि उजवा स्पीकर, मधोमध संवादांसाठी एक, कोपऱ्यात जड आवाजाचा डबा. हे सगळं दिवाळीच्या आत झालं. राहिले ते मागचे दोन. ऐकणाऱ्याच्या पाठीशी, डावीकडे आणि उजवीकडे लावायचे छोटे सराउंड स्पीकर. एवढंसं काम. त्याला मी अर्धा हंगाम लावला.

कारण मागच्या स्पीकरची निवड दिसते तितकी सोपी नसते. समोरचे स्पीकर बोलतात, गातात; ते चांगले की वाईट हे कोणालाही कळतं. मागच्यांच्या वाट्याला पाऊस येतो, वारा येतो, दूरवर भुंकणारं कुत्रं येतं, कोणाची तरी पावलं येतात. ते समोरच्यांशी मिळतेजुळते हवेत, नाहीतर पुढून मागे उडत जाणारा पक्षी मध्येच आपली जात बदलतो. मोठे घेतले तर खोली खातात, फार छोटे घेतले तर पावसाचं नुसतं तळण होतं. त्यांचा कोन समोरच्या रेषेपासून एकशेदहा अंशांच्या आसपास हवा, उंची बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा जरा वर. माझा कान बसल्यावर जमिनीपासून एकोणचाळीस इंचांवर येतो. मुलाच्या जुन्या कंपासपेटीतला कोनमापक काढून, खुर्चीच्या पायापासून दोरी ताणून मी भिंतीवर पेन्सिलीने खुणा केल्या. उजवी खूण शोकेसच्या वर आली. डावी खूण आली मागच्या दाराच्या चौकटीशेजारी.

साताऱ्यात एक दुकान पाहिलं. तिथला विक्रेता मोठ्या खोक्यांच्या मागे लागला होता, म्हणून सांगलीला गेलो. सांगलीचे दुकानदार साठीचे, स्वतः तबला वाजवणारे. त्यांनी मला तीन जोड्या ऐकवल्या आणि माझी वही बघून हसले.

"साहेब, ह्या रकान्यात काय लिवताय?"

"प्रत्येकाला दहापैकी मार्क."

"मागच्या स्पीकरला मार्क देत न्हाईत. त्यो हाय, ह्येच कळता कामा न्हाई. तुमाला वाटलं पायजे, तुमच्या खोलीतच आवाज झाला. मान वळवून बघितलं आन् कोण न्हाई, तर समजायचं, चांगला हाय."

"आणि मान वळवलीच नाही तर?"

"मग त्येच्यापेक्षा भारी," ते म्हणाले आणि त्यांनी दोन जोड्या माझ्या गाडीत घालून दिल्या. "घरी लावून बघा. नको असंल ती परत आणा."

आता मागच्या दाराविषयी सांगायला हवं.

आमच्या आळीत पुढचं दार पाहुण्यांचं असतं. पत्रिका घेऊन येणारे, मतं मागणारे, वर्गणीवाले पुढून येतात, कडी वाजवतात, चपला काढू की नको असं विचारतात. मागच्या दाराने घरची माणसं येतात. आमच्या मागच्या दारापलीकडे परडं आहे. त्यात एक कढीपत्त्याचं झाड, कपडे धुवायचा दगड, आणि पलीकडे हिंदुराव आबांचं मागचं दार. दोन दारांमध्ये माझी बत्तीस पावलं. आबा पलटणीतून सुभेदार होऊन आलेले, सत्तरीचे, आवाज असा की विहिरीवरून हाक मारली तर मोटार बंद करायला माणूस घरातून निघायचा. त्यांच्या पत्नी शालनकाकी. त्यांचा मुलगाही पलटणीतच, सीमेवर कुठेतरी. माझी आई गेली तेव्हापासून काकी दिवसातून एकदा तरी आमच्या घरात यायच्याच. हातात वाटी असायची, म्हणून कोपराने दार ढकलायच्या. "सदा, हायस का रं? कोरड्यास आणलंय." वाटीत कधी वांग्याचं, कधी पावट्याचं. बारा वर्षांत त्यांनी दार वाजवल्याचं मला आठवत नाही. वाजवणं म्हणजे परकेपण, असंच आमच्याकडे मानतात.

मी भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा करत होतो, तेव्हा आबा मागून आत आले. कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले.

"ह्ये काय चाललंय?"

"मागचे स्पीकर, आबा. सिनेमातला मागचा आवाज मागून येतो."

"पाठीमागनं आवाज आला की आमी जमिनीवर पडायचो, गड्या. आन् तू खुर्चीत बसून ऐकणार व्हय?" असे हसले की शोकेसमधल्या काचा वाजल्या. "मला एकदा बोलव. बघू, पडतोय का अजून."

मी त्यांना बोलावणार होतो. निवड पूर्ण झाल्यावर. अपुरं काम कोणाला दाखवायचं नाही, हा माझा दुसरा नियम.

मोजायला बसलो तेव्हा लक्षात आलं, खोली शांत नाही. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जायचे, प्रत्येकाचं गाणं वेगळं. मागचं दार नुसतं लोटलेलं असलं की वाऱ्याने हलायचं, चौकटीवर टकटक करायचं आणि नेमक्या डाव्या स्पीकरच्या जागी करायचं. फोनवर आवाज मोजायचं ॲप होतं. दार लोटलेलं असताना रिकाम्या खोलीचा आकडा चव्वेचाळीस यायचा, आतून कडी घातली की छत्तीस. आठ डेसिबलचा फरक. मी संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यापासून मोजणी चालू असताना मागच्या दाराला कडी घालायला लागलो.

वंदना दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "आवं, दिवसाढवळ्या मागल्या दाराला कडी घालू नका. बरं दिसत न्हाई."

मी तिला चव्वेचाळीस आणि छत्तीस समजावून सांगितलं.

"काकी काल दारापर्यंत येऊन परत गेल्या. मला म्हणल्या, झोपला असंल सदा."

"मग हाक मारायची ना."

"दार आतनं बंद बघून कशाला मारतील हाक?" एवढं बोलून ती तीळ भाजायला गेली. त्या दिवशी घरभर भाजक्या तिळाचा वास होता आणि मी पावसाच्या आवाजाला मार्क देत होतो.

संक्रांत झाली. त्यानंतरच्या गुरुवारी मला सुट्टी होती. वंदना रहिमतपूरला, माहेरी, भाचीच्या पहिल्या हळदीकुंकवाला गेली होती. मी घरात एकटा. जेवलो, मागच्या दाराला कडी घातली, पडदे ओढले. फोन विमानाच्या मोडवर टाकला, कारण तोच माझा मीटर होता आणि मध्ये कोणाचा फोन आला की आकडा बिघडतो. पहिली जोडी लावली. चाचणीसाठी एका जुन्या लाकडी जहाजाचा सिनेमा निवडला होता. जहाजाच्या पोटात माणसं बसली आहेत, वर वादळ, चहूबाजूंनी लाकूड करकरतंय, दोरखंड ताणले जातायत. मागच्या स्पीकरची परीक्षा घ्यायला यापेक्षा चांगला प्रसंग नाही. मी खुर्चीत ताठ बसलो. डोकं हलवायचं नाही, कारण कान तीन इंच सरकला तरी कोन बदलतो.

पावणेचारच्या सुमारास डाव्या मागून ठोकल्याचा आवाज आला. ठक, ठक, ठक. जरा थांबून पुन्हा. लाकडावर हाताच्या मुठीने ठोकावं तसा. जागा इतकी नेमकी की अंदाजे किती उंचीवर हात पडतोय तेही सांगता आलं असतं. वादळातून एक अस्पष्ट बाईमाणसाची हाकही आली. माझ्या अंगावर काटा आला. आनंदाने आला, हे मला लिहिलंच पाहिजे. मी मान वळवली नाही. सांगलीचे दुकानदार आठवले, मी हसलो, आणि वहीत लिहिलं: डावा मागचा, ठोकल्याचा आवाज अत्यंत स्पष्ट, जागा अचूक, दहापैकी नऊ.

मग सवयीप्रमाणे नमुना पुन्हा लावला. सिनेमा थांबवला, अर्धा मिनिट मागे नेला, सुरू केला. करकर आली, दोरखंड आले, ठोकणं आलं नाही. पुन्हा थांबवला, एक मिनिट मागे नेला. नाही आलं. तिसऱ्यांदा आवाज थोडा वाढवून ऐकला. नाहीच. त्या जहाजावर बाई नव्हती, हेही माझ्या ध्यानात आलं नाही. मी वहीत पुढे लिहिलं: पुन्हा आला नाही, वायर सैल असावी. उपकरणात दोष. नवाचे सहा केले. मग ॲम्प्लिफायर बंद करून त्याच्या मागची टोकं तपासली आणि दुसरी जोडी जोडायला घेतली.

ती वही अजून माझ्याकडे आहे. नऊवर मारलेली काट आणि शेजारचे सहा, दोन्ही माझ्याच हाताचे आहेत.

सव्वाचार वाजून गेल्यावर पुढच्या दारावर धडाधड थापा पडल्या. समोरचा बबन होता. "आवं, घरातच हायसा व्हय? आबास्नी कराडला नेलं! दुधाच्या टेम्पोतनं!"

मी मागचं दार उघडलं. परड्यात ऊन होतं. पलीकडचं दार सताड उघडं, आत पाण्याचा तांब्या आडवा पडलेला. काय झालं होतं ते बबनने मला गाडीत बसताना सांगितलं. आबा जेवून उठले आणि उजवीकडे कलंडले. बोलायला गेले तर शब्दच फुटेना. काकींनी मला फोन लावला, लागला नाही. माझ्या दाराशी आल्या. मग रस्त्यावर पळत गेल्या. दोन ट्रॅक्टर गाण्याच्या आवाजात त्यांच्या समोरून निघून गेले, त्यांचे हात कोणाला दिसले नाहीत. तिसरा दुधाचा टेम्पो थांबला.

कराडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं विचारलं, हे कधी सुरू झालं, नेमकी वेळ सांगा. तिथे उभ्या असलेल्यांपैकी कोणालाच ती सांगता येईना. मला येत होती. दारावर ठोकलं तेव्हा सिनेमाचं त्रेचाळिसावं मिनिट चालू होतं, सुरुवात मी तीनला दोन मिनिटं कमी असताना केली होती, म्हणजे त्याच्या थोडं आधी. मी म्हणालो, "साडेतीनच्या पुढे असावं." आयुष्यात पहिल्यांदाच मी 'असावं' म्हणून वेळ सांगितली.

बाकड्यावर काकी बसल्या होत्या, पायात एकच जोडवं, दुसरं कुठे पडलं ते त्यांनाही माहीत नव्हतं. आबांचे चुलतभाऊ आले, भाचे आले. त्यातल्या एकाने मला विचारलं, "सदाशिवराव, तुमी घरात नव्हता व्हय?"

"होतो," मी म्हणालो. "पण आतमध्ये आवाज चालू होता. ऐकू आलं नाही."

सगळे माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात काकी म्हणाल्या, "त्येचं काय न्हाई. माझंच चुकलं. म्या फुडल्या दारानं जायला पायजे हुतं."

मी बोललो नाही. 'नाही काकी, चूक माझी' एवढे चार शब्द होते. त्यांनी माझी चूक सगळ्यांसमोर उचलून स्वतःच्या पदरात घेतली आणि मी ती तिथेच राहू दिली.

आबा वाचले. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालतात, आणि बोलणं गेलं. तोंडातून एकच आवाज येतो, 'आं' आणि 'हं' यांच्या मधला. काकींना त्यातला फरक कळतो, मला अजून कळत नाही. मधल्या त्या मिनिटांनी काय फरक पडला असता, असं मी डॉक्टरांना दोन महिन्यांनी, आडून, दुसऱ्या कोणाचं तरी सांगतो आहे असं भासवून विचारलं. ते म्हणाले, लवकर आणलेलं केव्हाही चांगलं, पण एका रुग्णाबाबत नक्की कोणीच सांगू शकत नाही. हा असा आकडा आहे, जो मला कधीच मिळणार नाही.

नंतरच्या वर्षभरात मी त्यांना कराडला व्यायामाच्या उपचारासाठी घेऊन गेलो. एकेचाळीस खेपा. गावात लोक म्हणायला लागले, "शेजारी असावा तर असा." देवळात एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. आबांचा मुलगा रजेवर आला तेव्हा माझ्या पाया पडला. वयाने तो माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण गणवेशात उभा राहिलेला माणूस असा वाकताना बघवत नाही. मी त्याला उठवलं आणि म्हणालो, "अरे, असू दे." त्याला वाटलं, हा माझा साधेपणा.

दोन्ही जोड्या मी सांगलीला परत नेल्या. दुकानदार गोंधळले.

"का ओ साहेब? आवाजात काय खोट निघाली?"

"नाही. आवाज चांगला आहे."

"मग?"

मी खोक्यांवरची धूळ पुसली. ते माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांनी खोकी फडताळात सरकवली आणि चहा मागवला. भिंतीवरच्या दोन भोकांमध्ये मी पुट्टी भरली. रंग अजून जुळलेला नाही. मागच्या दाराची कडी मी उपसून टाकली. त्याने काय साधलं, कोण जाणे. काकी येतात, वाटी घेऊन, कोपराने दार ढकलून, पूर्वीसारख्याच. त्यांच्या येण्यात काहीच बदललं नाही, म्हणून तर मला तोंड वर करवत नाही. वंदनाला मी सगळं सांगितलं होतं, उन्हाळ्यातच. ती म्हणाली, "मला सांगून काय उपेग?"

परवा तो पहिला ट्रॅक्टर गेला आणि मला कळलं की वर्ष संपत आलं. पहिल्या वर्षात जे सांगितलं नाही ते नंतर सांगणं अवघड होतं. माणूस स्वतःलाच पटवून घेतो की झालं ते असंच होतं, ऐकू आलंच नव्हतं. काल सकाळी मी परडं ओलांडून गेलो. आबा उन्हात खुर्चीवर बसले होते, मांडीवर घोंगडी. काकी जमिनीवर बसून बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. त्यांनी माझ्यापुढेही एक ढीग सरकवला. मी चार शेंगा फोडल्या आणि म्हणालो,

"काकी, त्या दिवशी तुम्ही दार वाजवलं, ते मला ऐकू आलं होतं."

त्यांचा हात थांबला नाही.

"मला वाटलं, सिनेमातला आवाज आहे. मी जागा होतो. खुर्चीत बसून होतो. सगळ्यांना खोटं सांगितलं."

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"आतला आवाज गप झाला की रं." त्यांनी फुटक्या शेंगेतला दाणा उन्हात धरून बघितला, सुपात टाकला. "म्या दार वाजवलं, हाक मारली. तशी आतली गडबड गप झाली. म्हणलं, ऐकलं सदानं. आला. म्हणून हात खाली घेतला. तर पुन्हा त्येच सुरू झालं, त्योच माणूस त्येच बोलाय लागला. म्हणलं, काय तर बंद करायचं ऱ्हायलं असंल. पुन्हा गप झालं. म्हणलं, आता उठला. मग आणि एकदा सुरू."

मी ज्या नमुन्याची पुन्हा वाट बघत होतो तो का आला नाही, ते मला तेव्हा कळलं. दाराच्या अलीकडे मी ऐकत होतो, पलीकडे त्या ऐकत होत्या. मी येतोय असं वाटून त्यांनी ठोकणं थांबवलं होतं.

"पुन्हा वाजवायचं ना, काकी," मी म्हणालो, आणि म्हणताक्षणी मला माझीच किळस आली.

"तू यायलायस म्हणल्यावर कसं वाजवू?" त्या म्हणाल्या. "आत कोण न्हाई असं वाटलं असतं, तर तवाच पळाली असती रस्त्याकडं. तू हायस म्हणून थांबली."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. त्याचं गाणं पार फाट्यापर्यंत ऐकू येत राहिलं. ते सरेपर्यंत मी शेंगा फोडत राहिलो.

"किती वेळ थांबलात?"

"म्या काय घड्याळ लावून बसली हुती व्हय?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला कुठेतरी टेकता आलं असतं. मी विचारलं, मग दवाखान्यात तुम्ही असं का म्हणालात, माझं चुकलं म्हणून.

"समदी तुझ्याकडं बघत हुती," त्या म्हणाल्या. मग सूप बाजूला ठेवून त्यांनी पदराने हात पुसले. "म्या कुणाला सांगितलं न्हाई. ह्यास्नी पण न्हाई. पण ह्यास्नी समदं कळतंय सदा, बोलता येत न्हाई एवढंच. वरीसभर तुझ्या गाडीत बसत्यात. तुझं तू सांग."

आबा रस्त्याकडे बघत होते. मी उठलो, अंगावरची टरफलं झटकली आणि त्यांच्या समोर जाऊन खाली जमिनीवर बसलो. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"आबा," मी म्हणालो, "त्या दिवशी मी घरातच होतो. मला ऐकू आलं होतं."